मगदूमसाहेबांची शिकवणी

"साहेब, परत. पहिल्यापासून."

मगदूमसाहेबांनी तोंडापुढची पळी खाली घेतली, खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी नववीतली संयोगिता गाताडे नसून कामगार न्यायालयाची न्यायाधीश आहे.

"आता काय चुकलं, बाळ?"

"तुम्ही आरशातल्या तुमच्या मिशीशी बोलताय. कॅमेरा मिशीत नसतो, साहेब."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं पातेलं धाडकन खाली पडलं. पाठोपाठ ती स्वतःच दारात आली, पिठाचे हात तसेच. "संयू! जीभ आवर. साहेब हायत ते!"

"असू दे, उज्ज्वलाताई," मगदूमसाहेब म्हणाले. "मास्तरानं छडी मारली तरच विद्या येती. सांग बाळ, कुठं बघू?"

आई ज्या फौंड्रीत कामाला होती, तिथं हे मगदूमसाहेब म्हणजे मोठं प्रस्थ. सुपरवायझर. भट्टी पेटलेली असताना, क्रेन फिरत असताना, त्या सगळ्या गदारोळावर ज्यांचा आवाज जायचा असा एकमेव माणूस. आणि तो माणूस गुरुवारी संध्याकाळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या आरशासमोर माईक म्हणून आमटीची पळी धरून उभा होता, आणि 'नमस्कार'च्या पुढं त्याची गाडी जात नव्हती.

तीन वर्षं झाली याला. मी तेव्हा नुकतीच जिल्ह्यात वक्तृत्वात पहिली आले होते, आणि ढाल घरात आल्यापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आठवीपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणायलाही लाजायचे. आता मात्र मला वाटायला लागलं होतं, की जगात माणसं दोनच प्रकारची: बोलता येणारी, आणि ज्यांना मी शिकवायचं राहिलंय ती. शेजारच्या काकूंना गॅसची तक्रार फोनवर कशी करावी हेसुद्धा मी हातवारे करून शिकवलं होतं. त्यामुळं मगदूमसाहेब दारात येऊन "जिल्ह्यात पहिली आलेली ती हीच का?" म्हणाले, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. येणारच, असं वाटलं.

काम होतं मात्र खरोखर मोठं. आईची फौंड्री कागलच्या एमआयडीसीत, कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यात, आणि असे एकूण सात प्लांट. दर वर्षी एकदा कंपनीचे मालक, म्हणजे मोठे साहेब, पुण्यातून सगळ्या प्लांटांशी एकाच वेळी बोलायचे. लाईव्ह वेबकास्ट. तीन हजार माणसं आपापल्या कॅन्टीनमध्ये बसून बघणार. या वर्षी नवीन काढलेलं होतं, की प्रत्येक प्लांटनं चार मिनिटं बोलायचं, आपल्याकडचं एक काम दाखवायचं. आमच्या प्लांटनं दाखवायचं होतं आईचं टेबल.

ते टेबल म्हणजे शेवटची तपासणी. पंपाची ओतीव लोखंडाची झाकणं, थाळीएवढी. आई आणि आणखी चौघी बायका ती झाकणं एकेक करून हुकाला टांगायच्या आणि पितळी दांडीनं हळूच वाजवायच्या. झाकण चांगलं असेल तर घंटेसारखं वाजत राहतं. आत डोळ्यांना न दिसणारा तडा असला तर आवाज तिथल्या तिथं मरतो. एवढंच काम. पण आईचं माहेर हुपरीचं, चांदीच्या कामात वाढलेली ती. तिचा कान असा, की दोन वर्षांत गिऱ्हाइकाकडून एक झाकण परत आलं नव्हतं.

आणि तरीही ते टेबल बंद व्हायच्या बेतात होतं. पुण्याहून तपासणीचं एक मशीन नमुन्यादाखल आलं होतं. ते घेतलं, की पाच बायका घरी. मोठे साहेब वेबकास्ट बघूनच ठरवणार होते: टेबल का मशीन. सोमवारी सकाळी अकराला. चार मिनिटांत.

"आणि ती चार मिनिटं माझ्या नरड्यात अडकल्यात," मगदूमसाहेब म्हणाले. "मागं सव्वीस जानेवारीला माझ्या हातात माईक दिलता. मी 'विश्राम' म्हणलो आणि पुढचं विसरलो. सगळा प्लांट झेंडावंदन होईस्तोवर विश्राममध्ये उभा."

मी आईच्या कपाळावरची टिकली काढून कपाटाला चिकटवली, बरोबर साहेबांच्या डोळ्यांच्या उंचीला.

"हा कॅमेरा. बोलायचं ते ह्याच्याशी. आमच्या बाई म्हणतात, समोर कोबीचे गड्डे बसलेत असं समजायचं."

"कोबीला काय सांगायचं, बाळ? कोबी प्रश्न विचारत न्हाई. मोठे साहेब विचारत्यात."

"मग टिकलीलाच सांगा."

सांगितलं त्यांनी टिकलीला. गुरुवारी 'नमस्कार'पासून आपल्या नावापर्यंत पोचलो. शुक्रवारी प्लांटच्या नावापर्यंत. श्वास कुठं घ्यायचा ते मी खडूनं फरशीवर रेघा मारून दाखवलं. चौकटीचा शर्ट घालायचा नाही, तो कॅमेऱ्यात नाचतो, असं सांगितलं. आधी कोमट पाणी प्यायचं, चहा नाही. हात खिशात नाहीत, मागं नाहीत, पोटावर तर नाहीतच. आणि भाषण मी लिहून दिलं होतं! 'पोलादी मनगटांच्या या पुण्यभूमीतून मी आपणा सर्वांचे सहर्ष स्वागत करतो', इथपासून सुरुवात. 'सर्वप्रथम' तीनदा होतं. 'पुण्यभूमी'ला उजवा हात वर जायचा, 'सहर्ष'ला दोन्ही. शनिवारपर्यंत मगदूमसाहेब असे रंगात आले, की 'पुण्यभूमी'ला त्यांच्या हातातली पळी पंख्याला लागली.

"नाद खुळा, साहेब!" मी टाळ्या वाजवल्या.

दारात उभी राहून आई पदरात हसत होती. मग हसणं आवरून म्हणाली, "साहेब, लांबड न्हाई का हुईत जरा? वाजवून बघतो, तडा कळतो. एवढंच तर हाय."

"आई," मी म्हणाले, "तुझी भाकरी करपतीय बघ."

ती आत गेली.

सोमवारी मी शाळेत नव्हते. मगदूमसाहेबांनी मुख्याध्यापकांना स्वतः फोन केला होता. कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये पुण्याहून आलेल्या गौतमी मॅडम कॅमेरा, दिवे आणि दोन लॅपटॉप मांडून बसल्या होत्या. मला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ही कोण?"

"माझी मास्तरीण," मगदूमसाहेब म्हणाले. "ही कॅमेऱ्याच्या मागं उभी राहिली तरच मी बोलणार."

"बावीस वर्षांचा अनुभव तुम्हाला, आणि नववीतली मुलगी लागते?"

"लागती. काय म्हणणं हाय?"

"मी आवाज करत न्हाई, मॅडम. गप उभा राहतो," मी म्हणाले. मॅडम आणखीच चमकल्या. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात, हे त्यांना पहिल्या दिवशी पचायला जड गेलं असणार.

मी कॅमेऱ्याच्या काचेच्या अगदी खाली टिकली लावली आणि तालीम सुरू झाली. साहेबांनी निळा साधा शर्ट घातला होता. 'नमस्कार' ठणठणीत गेला. आणि अचानक ते थांबले, घाबरून भिंतीवरच्या टीव्हीकडं बघायला लागले. टीव्हीतला मगदूम आत्ता कुठं 'नमस्कार' म्हणत होता.

"ह्यो माझ्या मागनं बोलतोय!"

"लाईव्ह म्हणजे अगदी त्याच क्षणी नाही हो," गौतमी मॅडमनी समजावलं. "आपण पुण्याशी थेट बोलतो. पण सगळ्या कॅन्टीनमध्ये दिसतं ते वीस सेकंद उशिरा."

"म्हणजे मी चुकलो तर लोकांना वीस सेकंदानं कळणार?"

"चुकायचंच नाही," मी म्हणाले आणि टीव्ही बंद करायला लावला.

बाकी तालीम झकास झाली. झाकणं अजून खालून वर आली नव्हती, म्हणून साहेबांनी वाजवायच्या जागी नुसती पेननं टेबलावर टिचकी मारली आणि पुढं गेले. मॅडम कानाला हेडफोन लावून म्हणाल्या, "आवाज एकदम स्वच्छ." साहेबांचा आवाज, असं त्यांना म्हणायचं होतं. ते तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पावणेअकराला आई ढकलगाडीवरून लोखंडी स्टँड घेऊन आली. अंगात निळा कोट, डोक्यावर टोपी. स्टँडच्या हुकांना सहा झाकणं टांगलेली. ती सहाही आदल्या दिवशी त्या नव्या मशीनमधून काढलेली होती. पाच पास, एक नापास; नापास झालेल्याच्या पाठीवर मशीनवाल्यांनी लाल खडूची फुली मारली होती. साहेबांनी वाजवायचं आणि आवाजावरून ते एक झाकण ओळखून दाखवायचं, म्हणजे आमचं टेबल मशीनच्या तोडीचं ठरलं, असा बेत.

स्टँड लावून आई भिंतीला चिकटून उभी राहिली. मी तिला अंगठा दाखवला. तिनंही मला दाखवला, जरा लाजत.

अकरा वाजून सोळा मिनिटांनी आमची पाळी आली. लॅपटॉपवर मोठे साहेब दिसायला लागले: पांढरे केस, जाड चष्मा, हातात पेन. मॅडमनी तीन बोटं दाखवली, दोन, एक.

आणि मगदूमसाहेब सुटले!

काय सांगू तुम्हाला! नजर टिकलीवर, छाती पुढं, श्वास बरोबर रेघेवर. 'पोलादी मनगटां'ना मनगट दाखवलं, 'पुण्यभूमी'ला हात गेला, आणि मोठे साहेब चक्क हसले. मी कॅमेऱ्यामागं ओठ हलवत एकेक शब्द त्यांच्याबरोबर म्हणत होते, आनंदानं माझे तळवे घामेजले होते. मला त्या क्षणी वाटत होतं, की त्या खोलीत बोलतंय ते मीच.

"...आणि आता ऐका," मगदूमसाहेब म्हणाले, "चांगल्या झाकणाचा आवाज."

त्यांनी पितळी दांडीनं पहिलं झाकण वाजवलं. आमच्या खोलीत तो स्वर असा भरला, की माझ्या हातावर काटा आला. मी शिकवल्याप्रमाणं ते दोन सेकंद थांबले.

मोठे साहेब पेन खाली ठेवून स्क्रीनकडं वाकले. "हं. वाजवा ना."

"वाजीवलं, साहेब."

"इकडे काही आलं नाही."

मगदूमसाहेबांनी परत वाजवलं. जोरात. मोठ्या साहेबांनी मान हलवली. "मगदूम, तुमचं बोलणं स्वच्छ ऐकू येतंय. वाजवलेलं काहीच येत नाही."

गौतमी मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या माझ्या शेजारी पुटपुटल्या, "अरे देवा. सॉफ्टवेअर. ते माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळे आवाज गाळून टाकतं. कारखान्याचा गोंगाट येऊ नये म्हणून मीच लावलंय."

"मग काढा की!"

"ते पुण्यातून लॉक आहे. दोन मिनिटांत नाही निघणार."

साहेबांची नजर टिकलीवरून हलली आणि माझ्यावर येऊन थांबली. तीन दिवस मी त्यांना डोळे शिकवले, हात शिकवले, श्वास शिकवला. असं झालं तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं, कारण मला तरी कुठं माहीत होतं? त्यांचा हात हळूहळू पोटावर गेला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तोच सव्वीस जानेवारीचा विश्राम.

"ठीक आहे, मगदूम," मोठे साहेब मऊ आवाजात म्हणाले. "मुद्दा लक्षात आला. छान प्रयत्न. आता आपण पुढच्या प्लांटकडे..."

भिंतीशी आईनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. घरात कुणी गेल्यावर पुरुषमाणसं काढतात ना, तशी.

मला पुढचं नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की मी गप उभी राहणार होते आणि राहिले नाही. "माणसाचा आवाज जातोय न्हवं?" मी ओरडले. तीन हजार माणसांना ऐकू गेलं ते. "मग आई, तू वाज!"

"मी?"

"तू! तोंडानं! तुला ऐकू येतंय तसंच्या तसं म्हण!"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. आई एकटी झाकणांकडं बघत होती. मग मगदूमसाहेबांनी एक पाऊल बाजूला घेतलं आणि दोन्ही हातांनी वाट दाखवली. "या, उज्ज्वलाताई."

आईनं टोपी परत डोक्यावर घातली आणि पुढं आली. कॅमेऱ्याकडं बघितलं नाही. टिकलीकडं नाही. हात कुठं ठेवायचे याचा तिनं विचारच केला नाही. एक हात कमरेवर गेला, बाजारात भांडी घेताना जातो तसा.

"वाजवा, साहेब."

साहेबांनी वाजवलं. आईनं डोळे मिटले आणि झाकणाचा स्वर उचलला. "टण्ण्ण्ण्ण्ण..." तोच सूर, तीच लांबी, शेवटी तसाच थरथरत बारीक होत गेलेला. झाकण थांबलं तेव्हाच ती थांबली.

पुण्याकडून कुणाचं तरी हसू आलं आणि लगेच गप्प झालं.

दुसरं. "टण्ण्ण्ण्ण..." जरा वरच्या सुरात. तिसरं.

"टद्."

साहेबांनी ते झाकण उलटं केलं. लाल फुली.

मोठे साहेब खुर्चीत पुढं सरकले. "ताई, बघून ओळखलंत की ऐकून?"

"पाठ करतो मी, साहेब," आई म्हणाली आणि मोठ्या साहेबांकडं, कॅमेऱ्याकडं, तीन हजार माणसांकडं सरळ पाठ फिरवून उभी राहिली. वक्तृत्वाच्या कुठल्याही नियमात हे बसत नाही.

चौथं. "टण्ण्ण्ण्ण..."

पाचवं. तिनं मान कलती केली. मग म्हणाली, "परत वाजवा." साहेबांनी वाजवलं. "टण्ण्ण्... द्. ह्यो बी गेलाय."

मगदूमसाहेबांनी ते झाकण फिरवून बघितलं. पाठ कोरी. ते हळूच म्हणाले, "ताई, ह्याच्यावर खूण न्हाई."

"नसंल. तडा हाय."

"मशीननं पास केलंय ते?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मशीननं केलं असंल, साहेब," आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "मी न्हाई करत."

गौतमी मॅडमनी 'वेळ संपली'चा कागद वर धरला होता. एकच फुली ओळखून आई थांबली असती तरी जमलं असतं! आता हे झाकण चांगलं निघालं तर पाचही बायका दुपारी घरी.

"असू द्या वेळ," मोठे साहेब म्हणाले. "ताई, खरं काय ते कळणार कसं?"

"फोडून."

मगदूमसाहेबांनी दार उघडलं. आणि तीन दिवस मी ज्या गळ्यातून मऊ, गोल शब्द काढत होते, त्या गळ्यातून त्यांचा खरा आवाज निघाला. "घण आणा रे!" खिडकीची काच हलली. दारातून एक घण आत आला. साहेबांनी झाकण फरशीवर ठेवलं, बाह्या सारल्या. मॅडम "अहो, माझा माईक!" म्हणून ओरडल्या, आणि घण आला खाली.

झाकणाचे दोन तुकडे झाले. फरशीचे चार.

आईनं खाली बसून एक तुकडा उचलला, पुसला आणि आता कुठं पहिल्यांदा कॅमेऱ्याकडं वळली. तुटलेली कड वर धरून, शेजारणीला दाखवावं तसं म्हणाली, "हे बघा साहेब. नवी तूट चांदीगत चमकती. ही सगळी आत्ताची, घणाची. आणि हे कोपऱ्यात काळं दिसतंय का, नखाएवढं? ही जुनी. भट्टीतनं येतानाच गेलेली. पंप सुरू झाला असता तर म्हैनाभरात उललं असतं."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दिसतंय," ते म्हणाले. मग कागदावर काहीतरी खोडलं. "ताई, ते टेबल राहणार. मशीनचं नंतर बघू. आणि पुढच्या महिन्यात हे बाकीच्या सहा प्लांटांना तुम्ही सांगायचं. असंच, लाईव्ह. चालेल?"

"चालंल की."

लॅपटॉपवर पुढचा प्लांट आला. मॅडमनी कॅमेरा बंद केला. खोलीत आम्ही सगळे नुसते उभे. आणि तेवढ्यात खालच्या कॅन्टीनमधून, जमिनीतून आल्यासारखा, हलकल्लोळ उठला. ताटं, वाट्या, बाकं, जे हाताला येईल ते चारशे माणसं बडवत होती.

आई दचकली. "काय पडलं?"

"काय न्हाई, ताई," मगदूमसाहेब म्हणाले. "तुम्ही आत्ता खाली पोचलात."

मग जो धिंगाणा झाला तो झाला. टेबलावरच्या चौघी जिन्यानं धावत वर आल्या आणि आईला उचलायच्या नादात सगळ्याच सोफ्यावर पडल्या. गौतमी मॅडम हसता हसता रडायला लागल्या. मी तर उड्याच मारत होते. ज्याला त्याला सांगत होते, हाक मी मारली, कल्पना माझी!

मगदूमसाहेब मला चहाला कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर घेऊन गेले. शर्ट घामानं भिजलेला, चेहरा मात्र सुटी लागलेल्या शाळेसारखा.

"काय बोलली आई, साहेब!" मी म्हणाले. "तुम्ही आधी तिलाच का न्हाई सांगितलं बोलायला? उगीच तुमचे तीन दिवस गेले."

साहेब बशीत चहा ओतत होते. "सांगितलं होतं की. पहिलं तिलाच. काम तिचं, बोलणार तीच, असंच ठरलं होतं."

"मग?"

"मंगळवारी 'हो' म्हणाली. लई खूश होती. 'काय म्हणायचं ते घरी पोरीला विचारतो, तिला सगळं येतंय' म्हणाली. बुधवारी आली ती 'मला न्हाई जमायचं, तुम्हीच बोला, माझी पोरगी तुमची तयारी करून घेईल' म्हणत. मीच मग गुरुवारी तुमच्या दारात." त्यांनी फुंकर मारली. "का गं? काय झालतं घरी?"

"काय न्हाई," मी म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी आई तव्यापुढं बसली होती आणि मी ढाल पुसत होते. तिनं मान वर न करता विचारलं होतं, "संयू, मोठ्या साहेबांपुढं बोलायचं झालं तर पहिलं काय म्हणायचं असतंय गं?" आणि मी खो खो हसले होते. "तू? आई, तुझं हाय-न्हाई ऐकून पुणेवाले टीव्ही बंद करतील." तीही हसली होती. भाकरी उलटली होती. आणि मी विसरून गेले होते, कारण माझ्या लेखी तो विनोद होता, आणि चांगला जमलेला होता.

चहा तसाच राहिला माझा.

साडेतीनला पाळी सुटली. आई गेटमधून बाहेर आली, हातात डबा. वाटेत तिला चार माणसांनी थांबवलं, दोघांनी नमस्कार केला. वॉचमननं "टण्ण" असा आवाज काढला आणि ती लटक्या रागानं डबा उगारून पुढं आली.

"काय गं? तोंड का पडलंय? जिंकलो न्हवं?"

"आई, मंगळवारी तू मला विचारलंवतंस."

तिनं माझ्याकडं बघितलं. "व्हय. विचारलंवतं."

"मी हसलो."

"हसलीस."

असू दे म्हणाली नाही ती. मी वाट बघत होते, पण म्हणाली नाही. नुसता डबा या हातातून त्या हातात घेतला.

"मग आज कशी आलीस पुढं?"

"तू हाक मारलीस की," आई म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं. "हाक मारल्यावर येतंय माणूस."

आम्ही रस्त्याला लागलो. मग मी नाक पुसलं आणि एका दमात म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी तुझी तयारी करून घेतो. रोज सहा ते सात. भाषण लिवून देतो. 'पुण्यभूमी' न्हाई घालायची, साधं लिवतो. आणि त्या दिवशी मी येतो, कॅमेऱ्याच्या मागं उभा..."

"नगं," आई म्हणाली.

"का?"

"तू शाळंला जायचं. पुढच्या म्हैन्यात तुझी चाचणी हाय." ती चार पावलं पुढं गेली, थांबली, आणि मागं वळून हसली. "बोलायचं माझं मी बघतो."

आणि चालायला लागली, भराभर, हात हलवत. मला धावावं लागलं.